‘येतो’ म्हणायचं राहिलं

चार मोठ्या माणसांनी तिला जाताना पाहिलं आणि चौघांनाही तिचं कौतुक वाटलं.

कुठे निघालीस, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

दुसरीचा वर्ग. मधली सुट्टी संपून पाच मिनिटं झालेली. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी. दप्तर आहे, डब्याचं झाकण नीट लावलेलं आहे, मूल नाही. ही जागा मुंगीची. भिंतीच्या कडेकडेने चालते आणि रांगेत कुणाच्या पुढे घुसत नाही म्हणून सगळा वर्ग तिला मुंगी म्हणतो. तीही म्हणू देते.

“मुंगी कुठाय?” बाईंनी विचारलं.

तिच्या शेजारी बसणारी बडबडी उभी राहिली. “बाई, ती बाबांना सांगायला गेली.”

“काय सांगायला?”

“‘येतो’ म्हण म्हणून.”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं वाक्य तिथे अजून तसंच होतं.

फळ्यावर, सकाळी सव्वाआठ

*घरातून निघताना ‘जाते’, ‘जातो’ म्हणायचं नाही. ‘येते’, ‘येतो’ म्हणायचं.*

दर सोमवारी एक सवय. हा बाईंचा उपक्रम, आणि त्या मनापासून राबवत होत्या. आत शिरण्याआधी ‘आत येऊ का’ विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. नुसतं ‘सॉरी’ चालणार नाही, कशाबद्दल ते सांगायचं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. मागून येणाऱ्यासाठी दार धरायचं. दोन महिन्यांत वर्ग असा तयार झाला होता की डबा सांडला तर पोरं आधी शेजाऱ्याची माफी मागत आणि मग रडत.

आज सकाळी वाक्य लिहून झालं आणि पहिल्या बाकावरचा हात वर गेला. हा मुलगा म्हणजे वर्गाचं प्रश्नचिन्ह.

“का?”

“तशी पद्धत आहे.”

“पण का?”

घड्याळ पुढे सरकत होतं, वजाबाकी व्हायची होती. त्यांची आई सांगायची तेच बाईंच्या तोंडात आलं. “‘जातो’ म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून.”

 खिडकीकडून एक बारीक आवाज. “बाई, आणि चुकून म्हटलं तर?”

“चुकून म्हटलं तर लगेच ‘येतो’ म्हणायचं. झालं! चला, वह्या काढा.”

झालं. वह्या निघाल्या.

मुंगीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि आज अकरा वाजता ते काढणार होते. हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं, कारण गेल्या शुक्रवारी मुंगीने उभं राहून जाहीर केलं होतं, “माझ्या बाबांच्या पोटात दगड आहेत,” आणि तीन मुलांनी तिला आदराने खोडरबर दिलं होतं. बाईंनाही माहीत होतं. दवाखाना कुठला, तेही. बाजाराच्या मागचा, हिरव्या फाटकाचा. सकाळी हजेरी घेताना त्यांनी तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला होता.

एकच गोष्ट माहीत नव्हती, ती आत्ता बडबडीने सांगितली.

“बाई, तिचे बाबा सकाळी फाटकाशी तिला सोडून गेले ना, तेव्हा म्हणाले, ‘चल बाळा, जातो मी, उशीर होतोय.’ ‘जातो’ म्हणाले, बाई. ती म्हणत होती, अकराच्या आत सांगायला पाहिजे.”

भिंतीवरचं घड्याळ: दहा वाजून पंचवीस मिनिटं.

“मावशी, पाय ठेवू का?”

मावशी जिना पुसत होत्या. बाई वरून धडधडत उतरल्या आणि ओल्या पायरीवर घसरता घसरता कठड्याला लटकल्या.

“मुंगी? गेली ना इथून,” मावशी म्हणाल्या. “मला म्हणते कशी, ‘मावशी, पाय ठेवू का? तुम्ही आत्ताच पुसलंय.’ इतकी वर्षं मी हा जिना पुसतेय, बाई. कुणी विचारलंय? मुलांचं सोडा, तुम्ही विचारलंत आत्ता? मी म्हटलं, ठेव गं माझे बाय, दोन्ही ठेव.”

“कुठे चाललीस, विचारलं नाहीत?”

“एवढं गोड बोलल्यावर कोण उलटतपासणी करतं?”

“सर, दार धरू?”

तिसरीचे सर तक्त्यांची भलीमोठी गुंडाळी घेऊन आत येत होते, म्हणजे दहा मिनिटांपूर्वी येत होते. आता ते ती भिंतीवर चिकटवत होते.

“हो हो, तिने धरलं दार. मी ‘थँक्यू’ म्हटलं, ती ‘वेलकम’ म्हणाली. तुमच्या वर्गाचं काम दिसतं हं, बाई. आमची कार्टी दार तोंडावर आपटतात.”

एरवी एवढ्या वाक्यावर बाईंनी आठवडा काढला असता.

“ती आत येत होती की बाहेर जात होती?”

सरांनी तोंडातला चिकटपट्टीचा तुकडा काढला. “दार धरून उभी होती,” ते म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं.

“येते हं, मामा.”

शिपाईमामा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर मुंगीची पाण्याची बाटली.

“मला म्हणाली, ‘मामा, एवढी धरता का, प्लीज? आणि येते हं.’ मी म्हटलं, ये. बाहेर एक बाई उभ्या होत्या, छत्री घेऊन. मला वाटलं, तिच्या घरच्या. दोन शब्द बोलून येईल परत.” त्यांनी बाटली उचलून दाखवली. “येते म्हणाली ना! म्हणून तर धरून बसलोय.”

“मामा, आता निघताना ‘येते’ म्हणायचं, असं मी शिकवलंय.”

“म्हणजे ती गेली?”

“गेली.”

मामा उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, पण चेहरा एकदम पहिलीतल्या पोरासारखा झाला. “अहो, पण मग ‘जाते’ म्हणायचं ना! ‘जाते’ म्हणाली असती तर सोडलं असतं का मी?”

तोवर बडबडीने सांगितल्यावर मोठ्या बाई कार्यालयातून बाहेर आल्या होत्या. सगळी शाळा चालवणाऱ्या, जाडजूड, कधीही न धावणाऱ्या. त्यांच्या कानाला फोन होता. “तिच्या आईचा फोन वाजतोय, उचलत नाही कुणी. दवाखान्याचा लागत नाही. तुम्ही पळा. वर्ग मी घेते. काय चाललं होतं?”

“वजाबाकी.”

“बरोबर,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मध्येच

पळताना बाईंना आठवलं, आणि आठवल्यावर त्यांना पळणं अवघड झालं. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात मोठ्या बाईंशी बोलत होत्या. सहलीच्या बसबद्दल. शेजारी मुंगी येऊन उभी राहिली होती. हात मागे, तोंड बंद. बाईंनी तिच्याकडे न पाहता एक बोट वर केलं होतं, थांब. ती थांबली. बसबद्दलचं बोलणं लांबलं. केव्हातरी बाईंनी वळून पाहिलं तर ती तिथे नव्हती, आणि बाईंना वाटलं होतं, काही विशेष नसेल.

म्हणजे तिला पाहणारी मोठी माणसं चार नव्हती. पाच होती.

रस्ता

चष्म्याचं दुकान, बंद शटर, सायकलवाला, सरका हो सरका, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स, एक निळा फ्रॉक, नाही, दुसरीच कुणी, चपलेचा अंगठा निसटलेला, शाळेत बाईंनी कधी कुणाला पळू दिलं नव्हतं, कोपरा, मोठा रस्ता, ट्रक, बस, ट्रक, हा रस्ता ती कशी, एकटी, सात वर्षांची, हा रस्ता.

“काका, तुम्हाला वेळ असेल तर”

कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात. बाई त्यांच्यासमोर येऊन वाकल्या आणि दम लागल्यामुळे काहीच बोलू शकल्या नाहीत. काकांनी त्यांच्या चपलेकडे पाहिलं.

“बसा. दोन टाके घालतो.”

“मुलगी... निळा फ्रॉक...”

“ती होय! तुमची?” काका सुई रोवून हसले. “मला म्हणाली, ‘काका, तुम्हाला वेळ असेल तर मला रस्ता ओलांडून द्याल का?’ वेळ असेल तर! गिऱ्हाईक असं बोलत नाही हो माझ्याशी. हातातलं काम टाकलं, हात धरला, पलीकडे नेलं. वर ‘तुमचं काम थांबवलं, सॉरी’ म्हणाली. कशाबद्दल सॉरी, तेपण सांगितलं बघा.”

बाई त्यांच्या लाकडी पेटीवर बसल्याच.  एकटीने ओलांडला नाही. विचारलं. हात धरला. हेही त्यांनीच शिकवलं होतं, पण केव्हा ते काही आठवेना.

“पलीकडे जाऊन हिरव्या फाटकात शिरली,” काका म्हणाले. “मी बघत उभा होतो. आत गेल्यावरच आलो.”

बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, राळ आणि दोऱ्याच्या वासाचे, आणि ‘थँक्यू’ म्हणायचं विसरून रस्त्यात घुसल्या. काकांनी मागून हाक मारली, “ओ, बघून! पोरीला अक्कल जास्त आहे तुमच्यापेक्षा!”

“आत येऊ का?”

पहिला मजला. पांढरा पट्टा मारलेलं दार. वर पाटी: परवानगीशिवाय आत येऊ नये. दारासमोर लोखंडी बाक.

बाकावर मुंगी.

पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून ते एकावर एक ठेवलेले. हात मांडीवर. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली, कारण बाई आल्यावर उभं राहायचं असतं.

“नमस्ते, बाई. वर्गावर कोण आहे?”

बाईंना हसू आलं की रडू, हे त्यांनाच कळलं नाही. बाकावर बसून त्यांनी तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मुंगी अवघडून उभी राहिली. मग तिने हळूच बाईंची पाठ थोपटली.

दाराच्या फटीतून एक सिस्टर डोकावल्या. “तुमच्याबरोबर आहे होय? मला वाटलं, आईबरोबर आलीय. दार वाजवून विचारलं, ‘आत येऊ का?’ मी म्हटलं, नाही बाळा, थांब. ‘बरं’ म्हणाली आणि बसली. इथे मोठी माणसं ऐकत नाहीत हो. आत्ताच एका काकांना दोनदा बाहेर काढलंय.”

“तिची आई?”

“खाली औषधांच्या खिडकीवर. गर्दी आहे तिथे.”

“आणि बाबा?”

“आतच आहेत. आधीचं ऑपरेशन लांबलंय. नेऊ थोड्या वेळात.”

दहा वाजून पन्नास मिनिटं.

“मुंगे,” बाई म्हणाल्या, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मोठ्या बाईंशी बोलत होतात.” तिने नियम सांगावा तसं सांगितलं. “मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. मग परत एकपासून मोजले. मग उशीर व्हायला लागला.”

 बाई बाकावरून उतरून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, म्हणजे तोंडासमोर तोंड आलं.

“ऐक. सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ‘जातो’ म्हटलं म्हणून कुणी परत यायचं राहत नाही.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात?”

“खोटं नाही. विचार न करता बोलले.”

“मग सॉरी म्हणा ना, बाई.”

“सॉरी.”

मुंगी वाट पाहत उभी राहिली. बाईंना कळायला दोन क्षण लागले.

“तुम्हाला घाबरवलं, त्याबद्दल सॉरी. आणि सुट्टीत तू उभी होतीस, मी बोट दाखवलं, तुझं ऐकलं नाही, त्याबद्दल सॉरी.”

“इट्स ओके,” मुंगी म्हणाली. मग आवाज खाली आणून, “पण तरी बाबाकडून म्हणून घेऊ या ना.”

नुसत्या बोलण्याने हे मिटणार नव्हतं. बाई उठल्या. पदर खोचला.

“बघ हं. जाते मी,” त्या मोठ्याने म्हणाल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या, भिंतीमागे दिसेनाशा झाल्या, आणि परत आल्या. “आले की नाही?”

मुंगीने मान हलवली, पण अर्धीच. “एकदाच झालं.”

“जाते मी.” पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या.

सिस्टरना काय चाललंय ते कळेना. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. सिस्टरनी हातातला ट्रे खिडकीत ठेवला, गंभीर चेहऱ्याने “जाते” म्हणाल्या, दाराआड गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. मघाशी दोनदा बाहेर काढलेले काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तेही गुडघ्यावर हात ठेवून उठले. “जातो हं मी पण,” म्हणत जिन्यापर्यंत गेले आणि वळून आले. “सात पावलं झाली. अजून जाऊ?”

“काका, तुम्ही दाराकडे नका जाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “तुमचा भरवसा नाही.”

मुंगी हसली. आज पहिल्यांदा. तोंडावर हात ठेवून, बाकाला टेकून, उचकी लागेपर्यंत.

आणि दार उघडलं

चाकांची खाट बाहेर आली. वर मुंगीचे बाबा, हिरव्या टोपीत, अर्धवट गुंगीत. त्यांनी मुलीला पाहिलं, बाईंना पाहिलं, आणि उठायचा प्रयत्न केला.

“अगं! काय झालं? काय तोडलंस?”

“काही नाही तोडलं, बाबा.” मुंगी खाटेजवळ गेली. बाई पुढे सरकल्या. आता ती विचारणार, आणि हा माणूस गुंगीत काय बोलेल ते कुणास ठाऊक. मघाचे सगळे ‘जाते’ पाण्यात जायचे.

“बाबा, तू आत चाललायस ना? मग आता काय म्हणशील?”

बाबांनी डोळे बारीक केले. खाट ढकलणारे थांबले. सिस्टर थांबल्या. काका तर जिन्याजवळ एक पाय उचलूनच उभे होते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाबा रोज बाहेरून ओरडून जे सांगत असत, तेच त्यांच्या तोंडून आपोआप निघालं.

“थांब इथेच. आलोच.”

खाट पुढे गेली. पलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं.

मुंगी वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. “बाई! ‘आलोच’ म्हणाला!”

“हो गं.”

“‘येतो’पेक्षा भारी आहे! ‘येतो’ म्हणजे येणार. ‘आलो’ म्हणजे आलाच की! झालंच आहे ते!”

बाई गेली बारा वर्षं भाषा शिकवत होत्या. भूतकाळ, वर्तमानकाळ, सगळे. हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

जिन्यातून

मुंगीची आई औषधांची पिशवी घेऊन वर आली. शाळेत असायला हवी ती मुलगी समोर पाहून तिच्या हातून पिशवी सुटली. मग प्रश्न, मग बाईंचं सांगणं, काही न लपवता. फाटक, रस्ता, फळ्यावरचं वाक्य, बोट. आईचा चेहरा पांढरा झाला, मग लाल.

“बाई, तिला काही झालं असतं तर?”

“हो,” बाई म्हणाल्या. 

आई बाकावर बसली. मुलीला मांडीवर घेतलं, एवढी मोठी झालीय तरी. थोड्या वेळाने म्हणाली, “फोन पर्समध्ये होता. मी ऐकलाच नाही.” मग आणखी थोड्या वेळाने, बाईंकडे न बघता, पण बाकावर सरकून जागा करत: “बसा ना. उभ्या का?”

एक वाजून दहा मिनिटं

शाळेच्या कार्यालयात फोन वाजला, दवाखान्यातून बाईंचा. मोठ्या बाईंनी ऐकला, ठेवला, आणि व्हरांड्यात येऊन, आयुष्यात कधी ओरडल्या नसतील अशा ओरडल्या.

“आले!”

शिपाईमामांनी फाटकावरून हात वर केला. हातात बाटली होती.

दुसऱ्या दिवशी, फळ्यावर

जुनं वाक्य बाईंनी पुसलं. वर्गाला स्वतःची चूक सांगितली, ‘सॉरी’ कशाबद्दल ते सांगितलं. तेहतीस मुलं एका सुरात म्हणाली, “इट्स ओके.”

प्रश्नचिन्हाचा हात वर. “मग ‘जातो’ म्हटलं तर चालेल?”

“चालेल. ‘येतो’ म्हटलं तर छान वाटतं, एवढंच. पण दोन्हींत कुठे ते सांगायचं, आणि मोठ्यांना विचारून निघायचं. एकटं नाही.”

मग त्यांनी खडूने नवं वाक्य लिहिलं: *मोठी माणसं बोलत असली आणि सांगायचं ते महत्त्वाचं असलं, तर ‘बाई, महत्त्वाचं आहे’ म्हणायचं. बाई थांबतील.*

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंशी सहलीची बस अजून ठरायची होती. पहिलंच वाक्य झालं आणि बाईंच्या कोपराला मुंगीचं बोट लागलं.

“बाई, महत्त्वाचं आहे.”

बाई लगेच वळल्या. “बोल.”

“बडबडीने माझी हिरवी पेन्सिल घेतली आणि ‘थँक्यू’ नाही म्हणाली.”

मोठ्या बाईंनी आकाशाकडे पाहिलं. बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. बस पुढच्या आठवड्यात ठरली.

शाळा सुटली तेव्हा मुंगीला न्यायला आत्या आली होती. दोघी थेट दवाखान्यात जाणार होत्या. दगड एका छोट्या बाटलीत ठेवलेत, ते बघायचे होते. फाटकाशी मुंगी थांबली.

“मामा, आलेच हं.”

शिपाईमामा खुर्चीतून ताडकन उठले. आत्याकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

“आलेच म्हणजे? कुठे? कुणाबरोबर? कधी?”

“आत्याबरोबर. बाबाकडे. उद्या सकाळी आठला परत.”

“हां,” मामा म्हणाले, आणि पुन्हा बसले. “असं बोल. ये.”